काका, पॉलिसी बंद नका करू, पण डोळे मिटून भरूनही नका देऊ

एका वाचकाचं पत्र असं आहे, थोडं छोटं करून देते.

"ताई, मी नागपूरच्या मानेवाड्याला राहतो, शाळेतून रिटायर झालो. ६९ चालू आहे, सप्टेंबरात ७० पूर्ण होतील. बायको ६४ ची. दोघांची मिळून ५ लाखांची फ्लोटर मेडिक्लेम आहे, २०१३ पासून, एकदाही खंड नाही. १४ जूनला रिन्यूअल असते, मेसेज आला की मी भरून देतो, कागद कधी उघडून पाहिला नाही. यंदा तर रक्कम कमी झाली, मागच्या जूनमध्ये ४७,२०० भरले होते, आता ४३,६०० दाखवून राहिले. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, तो म्हणते बाबा तुम्ही दोघं माझ्या कंपनीच्या पॉलिसीत आहात, उगाच पैसे नका घालवू, बंद करा. शेजारचे म्हणतात सत्तर झाले की आयुष्मान कार्ड निघते, मग हे कशाला. बायकोला तीन वर्षांपासून शुगर आहे, ते आम्ही विमा कंपनीला कळवलं नाही, त्याची धास्ती वाटते. तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूही सांगितला आहे. काय करू?"

काका, नमस्कार. तुमचं पत्र एप्रिलमध्ये आलं हे खूप चांगलं झालं, कारण मला अशी पत्रं बहुतेक वेळा रिन्यूअलच्या आदल्या दिवशी येतात नाही तर पेशंट अ‍ॅडमिट झाल्यावर येतात आणि तेव्हा सांगण्यासारखं फार काही उरत नाही.

सगळ्यात आधी, पॉलिसी बंद करू नका. मुलगा प्रेमापोटीच म्हणून राहिला, त्याचा हेतू चुकीचा नाही, पण तो जे कव्हर सांगते ते तुमचं नाही, त्याच्या नोकरीचं आहे. त्याने नोकरी बदलली की शेवटच्या दिवसासोबत ते संपते, आणि नोकरी तशीच राहिली तरी कंपनी पुढच्या वर्षी ठरवू शकते की आता आईवडिलांना धरणार नाही, किंवा धरू पण प्रीमियम पगारातून कापू. तोवर तुम्ही ७२ चे, काकू ६७ च्या, आणि हातात स्वतःचं काहीच नाही. नियमाने आता वयावरून दार बंद नाही हे खरं, एप्रिल २०२४ पासून पासष्टची अट गेली आणि कंपन्यांना सगळ्या वयांसाठी पॉलिसी ठेवावी लागते, पण म्हणजे तुम्हाला, तुमच्या तब्येतीसकट, तुम्हाला परवडेल त्या भावात मिळेलच असं कुठंच लिहिलेलं नाही. तपासण्या करतील, प्रीमियम वाढवून सांगतील, आणि आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबायला लावू शकतात. तुम्ही २०१३ पासून जे कमावलं आहे ते म्हणजे हे थांबणं संपवलेलं आहे. ते पैशात मोजता येत नाही म्हणून मुलाला दिसत नाही.

मी हे इतकं जोर देऊन का सांगून राहिले ते पण सांगते. मी अकरा वर्षं धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर होते, रोज लोकांच्या पॉलिसीच वाचायचे, आणि माझ्याच वडिलांची पॉलिसी माझ्या डोळ्यांदेखत गेली. नऊ वर्षांची होती. त्यांनी मोबाईल नंबर बदलला, कंपनीकडे जुनाच राहिला, एजंटने काम सोडलं होतं, मेसेज कुठं गेला कोणास ठाऊक. वर्षाचा प्रीमियम असला की तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, ती पण निघून गेली आणि आम्हाला कळलं दोन महिन्यांनी. मी अर्ज केले, विनवण्या केल्या, काही झालं नाही. ७१ व्या वर्षी नवी घ्यावी लागली, बीपी आणि हार्टसाठी परत सगळी वेटिंग, आणि त्याच वेटिंगमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली. पैसे आम्ही उभे केले, पण बाबा बेडवर पडून सारखे विचारायचे किती झाले, किती झाले. ते विचारणं मी विसरू शकत नाही. म्हणून आज उठा आणि आधी हे बघा की कंपनीकडे तुमचा चालू नंबर आहे का, काकूंचा किंवा मुलाचा दुसरा नंबर आणि ईमेल टाकता येते का. आणि त्या ३० दिवसांच्या भरवशावर राहू नका, वर्षाचा प्रीमियम असेल तर त्या मधल्या दिवसांत अ‍ॅडमिट झालं की क्लेम बसत नाही, फक्त पॉलिसी जिवंत राहते.

आता रक्कम कमी झाली म्हणता ते. काका, कमी नाही झाली, वाढली आहे. मागच्या जूनमध्ये प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक मेडिक्लेमवरचा जीएसटी शून्य झाला. तुमच्या ४७,२०० मध्ये मूळ प्रीमियम ४०,००० आणि टॅक्स ७,२०० होता, आता मूळच ४३,६०० झाला, म्हणजे कंपनीने ९ टक्के वाढवले आणि टॅक्स गेल्यामुळे तुम्हाला ते दिसलंच नाही. यंदा खूप लोकांचं असंच झालं आहे, सगळे खूश आहेत, आणि पुढच्या वर्षी टॅक्स जाण्याचा फायदा परत मिळणार नाही, तेव्हा जी वाढ होईल ती सरळ खिशाला जाणवेल. साठ वर्षांवरच्या लोकांचा प्रीमियम वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी विमा नियामकाशी, म्हणजे आयआरडीएआयशी, बोलावं लागते, जानेवारी २०२५ चं परिपत्रक आहे तसं. म्हणून दरवर्षी दोन पावत्या शेजारी ठेवायच्या आणि टॅक्स सोडून मूळ आकडा बघायचा, दहाच्या वर गेला असला तर कंपनीला ईमेलवर कारण विचारायचं. फोनवर नाही, ईमेलवर.

काकूंच्या शुगरची भीती काढून टाका. पॉलिसी घेतली २०१३ ला, शुगर निघाली तीन वर्षांपूर्वी. पॉलिसी सुरू असताना झालेला आजार हा 'आधीचा आजार' नसतो, तो त्या पॉलिसीत येतोच, दरवर्षी जाऊन सांगायची गरज नाही, तुमच्या पॉलिसीत कुठं तशी अट लिहिली असेल तर तेवढं बघून घ्या. शिवाय सलग ६० महिने पॉलिसी चालली की त्या कव्हरपुरतं कंपनी 'तुम्ही माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. पूर्वी हे ८ वर्षं होतं, २०२४ पासून ५ केलं. तुम्ही दोन्ही हिशोबाने पार आहात. क्लेम घेतला म्हणून रिन्यूअल नाकारता येत नाही हेही लक्षात असू द्या. शुगर सांगायची कुठं, तर तुम्ही कव्हर वाढवायला मागाल किंवा दुसऱ्या कंपनीत जाल तेव्हा. तिथं मात्र सगळं सांगायचं, गोळ्यांच्या नावासकट, एक शब्द लपवायचा नाही, एजंट 'राहू द्या काका, कशाला लिहिता' म्हणाला तरी लिहायचं. डेस्कवर मी जे क्लेम रडत परत जाताना पाहिले त्यात असं 'राहू द्या'वालेच जास्त होते.

आता तो कागद उघडा. पूर्ण पॉलिसीचं पुस्तक वाचायला मी सांगत नाही, ते कोणीच वाचत नाही. पॉलिसीसोबत एक ग्राहक माहितीपत्रक देतात, सीआयएस म्हणतात त्याला, दोन-चार पानांचं असते, जानेवारी २०२४ पासून सोप्या नमुन्यात द्यावं लागते आणि मागितलं तर मराठीत द्यावं लागते. कंपनीला मेल करा, मराठीत पाठवा म्हणा. त्यात चार गोष्टी पेन्सिलने गोल करा: रूम रेंटची मर्यादा, को-पे (म्हणजे क्लेममधला जो ठरावीक टक्का आपण भरायचा असतो तो), ठरावीक ऑपरेशनवरची मर्यादा, आणि अजून शिल्लक असलेलं कुठलं वेटिंग.

रूम रेंटवर मी जरा थांबते कारण माणसं इथंच मार खातात. तुमच्यासारख्या जुन्या पॉलिसीत बहुतेक दिवसाला कव्हरच्या १ टक्का असते, म्हणजे ५ लाखावर ५,०००. समजा धंतोली नाही तर रामदासपेठेत तुम्ही ८,००० ची एसी सिंगल घेतली, चार दिवस राहिले. लोकांना वाटते वरचे ३,००० गुणिले चार, १२ हजार आपले, ठीक आहे. तसं होत नाही. सर्जनची फी, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं पण रूमच्या दर्जाप्रमाणे लावलेलं असते, म्हणून कंपनी ते पण त्याच प्रमाणात कापते, आठातले पाच देते. समजा बिल २,४०,००० आलं, त्यात रूम ३२,०००, डॉक्टर-ओटी-नर्सिंग १,२०,००० आणि बाकी औषधं, तपासण्या, इम्प्लांट ८८,०००. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटवर ही कात्री चालत नाही, पण त्या १,२०,००० मधून ४५,००० गेले आणि रूमचे १२,००० गेले, झाले ५७,०००. आता पॉलिसीत २० टक्के को-पे असला, तर उरलेल्या १,८३,००० चे २० टक्के म्हणजे ३६,६०० अजून. एकूण ९३,६०० तुमच्या खिशातून, आणि तुम्ही घरून निघताना समजून निघाले होते की कॅशलेस आहे, बिल कंपनीच परस्पर भरेल. ५,००० च्या आतली ट्विन शेअरिंग, म्हणजे दोन पेशंटची रूम, घेतली असती तर त्यातले ५७ हजार वाचले असते. म्हणून तो रूमचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून काकूंच्या पर्समध्ये ठेवा, कारण अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर त्या घाबरलेल्या असतील आणि समोरचा विचारेल कोणती रूम देऊ. जी हॉस्पिटलं रूमप्रमाणे दर बदलत नाहीत तिथं ही कात्री लागत नाही, आयसीयूच्या चार्जेसवर पण लागत नाही, हे बिलात आलं तर भांडायला कामी पडेल.

यंदा कंपनीला विचारा की रूमची मर्यादा काढायला किंवा वाढवायला किती जास्त लागतील, आणि को-पे काढता येते का. काही कंपन्या देतात. माझा स्वतःचा विचार असा की पैसे मोजकेच असतील तर आधी रूमची अट सुधारा, मग कव्हर वाढवा. मोठं कव्हर आणि लहान रूम असली तर दर वेळी थोडं थोडं रक्त निघते.

५ लाख दोघांत आहे हेही लक्षात घ्या, एकाच वर्षी दोघं अ‍ॅडमिट झाले तर तेच ५ लाख वाटून घ्यायचे, आणि फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या मोठ्या वयाच्या माणसावर लागतो, म्हणजे काकू ६४ च्या असून तुमच्या वयाचा भाव. दोन वेगळ्या पॉलिसी केल्या तर किती पडते ते त्याच कंपनीला विचारून घ्या, जुनी वर्षं धरून. वाढवायचंच असेल तर सुपर टॉप-अप बघा, ५ लाखाच्या वरचा खर्च ती उचलते आणि वर्षभरातली सगळी बिलं मिळून ५ लाख मोजते. साधा टॉप-अप घेऊ नका, तो एकेक अ‍ॅडमिशन वेगळं मोजतो, त्यामुळे तीन-तीन लाखांची दोन अ‍ॅडमिशन झाली तर एक रुपया देत नाही. शुगरमुळे काकूंना त्यात वेटिंग लागेल, लागू द्या, जितक्या लवकर सुरू होईल तितकं लवकर संपेल.

कंपनीच बदलायची असेल तर पोर्ट करता येते आणि जुन्या ५ लाखांपुरतं तुमचं वेटिंग तसंच मोजलं जाते, पण अर्ज रिन्यूअलच्या ४५ दिवस आधी जायला पाहिजे, म्हणजे तुमच्यासाठी ३० एप्रिल. आणि एक पक्कं: नव्या कंपनीचं 'हो' हातात लेखी येईपर्यंत जुनी सोडायची नाही. नवी कंपनी तुमचं वय आणि शुगर बघून नाही पण म्हणू शकते. तुमच्या कंपनीने आजवर क्लेम नीट दिले असतील तर मी तरी ६९ व्या वर्षी फक्त चार-पाच हजार वाचवायला हलणार नाही.

मुलाच्या पॉलिसीचं काय, तर ती पण वापरायची! त्याला सांगा एचआरकडून लिहून आण की आईवडिलांसाठी कव्हर वेगळं आहे की सुनेनातवांसोबत एकच, को-पे किती, रूम किती, आणि नागपूरची कोणती हॉस्पिटलं त्यात आहेत. ग्रुप पॉलिसीत बहुतेक आधीच्या आजारांना वेटिंग नसते, मोठा फायदा आहे तो. दोन पॉलिसी असल्या की कोणती आधी वापरायची हे तुम्ही ठरवता, तर आधी कंपनीची वापरा, कमी पडलं तर उरलेलं स्वतःच्या पॉलिसीतून घ्या, आणि कंपनीच्या पॉलिसीतच भागलं तर तुमचा क्लेम न घेतल्याचा बोनस पण टिकतो. आणि तो नोकरी सोडणार असला तर निघायच्या आधी, निदान महिनाभर आधी, त्या विमा कंपनीला विचारायचं की आईवडिलांना तुमच्याच वैयक्तिक पॉलिसीत घेता का. ही सोय आहे, पण निघून गेल्यावर आठवून फायदा नाही.

आयुष्मानचं शेजाऱ्यांनी अर्धं बरोबर सांगितलं. २९ ऑक्टोबर २०२४ ला वय वंदना कार्ड सुरू झालं, ७० पूर्ण झालेल्या कोणालाही मिळते, पेन्शन किती, घर कुणाचं, काही विचारत नाहीत, वर्षाला ५ लाख आणि पहिल्या दिवसापासून सगळे जुने आजार धरून. खाजगी मेडिक्लेम असली तरी चालते. वय आधारवरून धरतात, म्हणून आत्ताच आधारवरची जन्मतारीख बघा, शाळेच्या दाखल्याशी जुळत नसेल तर सप्टेंबरची वाट न बघता दुरुस्त करून टाका. पण ते कार्ड तुमचं, काकूंना अजून सहा वर्षं आहेत. त्यांच्यासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, राज्याची, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, रेशन कार्ड लागते, पांढरं असलं तरी. दोन्ही योजनांत उपचार ठरलेले आणि हॉस्पिटलं ठरलेली. आपल्याकडे सरकारी हॉस्पिटलांत मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानचं एम्स आहे, काही खाजगी पण आहेत, आणि मेडिकलला जाण्यात काही कमीपणा नाही, मोठी मोठी ऑपरेशनं तिथं होतात. फक्त रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर तुम्ही जिथं पोहोचाल ते हॉस्पिटल योजनेत असेलच असं नाही, म्हणून कार्ड काढा आणि पॉलिसी पण ठेवा. १४५५५ वर फोन करून घराजवळची हॉस्पिटलं विचारून घ्या.

तुमच्या पॉलिसीचंही तसंच. नेटवर्कची, म्हणजे कॅशलेस चालणाऱ्या हॉस्पिटलांची, यादी वेबसाईटवर असते पण ती बघून समाधान मानू नका, तुम्ही खरंच जाल अशी दोन हॉस्पिटलं ठरवा आणि त्यांच्या इन्शुरन्स डेस्कला फोन करून विचारा, अमुक कंपनीचं कॅशलेस आज चालू आहे का. करार तुटतात, परत होतात, यादी मागेच राहते. मी डेस्कवर असताना असा फोन करणारी माणसं फार कमी होती, आणि त्यांचं काम सगळ्यात सुरळीत व्हायचं. कॅशलेसचा अर्ज गेला की कंपनीने तासाभरात उत्तर द्यायचं आणि डिस्चार्जच्या वेळी ३ तासांत, उशिरामुळे हॉस्पिटलने जास्त पैसे लावले तर ते कंपनीचे, हा २०२४ चा नियम आहे. संध्याकाळी सहापर्यंत लॉबीत बसवून ठेवलं तर हे शांतपणे बोलून दाखवा.

क्लेम नाकारलाच तर कारण लेखी मागा, आधी कंपनीच्या तक्रार विभागात द्या, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहेत, नागपूरसाठी पुण्याचं ऑफिस, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. टॅक्स जुन्या पद्धतीने भरत असाल तर ज्येष्ठांच्या मेडिक्लेमवर ५०,००० पर्यंत वजावट मिळते, त्यासाठी प्रीमियम रोख भरू नका.

आणि काकूंचे डोळे. मोतीबिंदूला २४ तास अ‍ॅडमिट राहावं लागत नाही तरी पॉलिसीत बसते, पण जवळपास प्रत्येक पॉलिसीत डोळ्यामागे ठरलेली रक्कम असते. आयआरडीएआयने आखून दिलेल्या आरोग्य संजीवनी पॉलिसीतच एका डोळ्याला ४०,००० किंवा कव्हरच्या २५ टक्के यातलं जे कमी ते, असं आहे, त्यावरून अंदाज घ्या. तुमचा आकडा सीआयएसमध्ये बघा आणि तो घेऊन डॉक्टरांकडे जा, स्पष्ट विचारा की या रकमेत कोणती लेन्स बसते, महागडी लेन्स काकूंना खरंच लागते का. तुमच्या पॉलिसीत ही मर्यादा वर्षाला मिळून असेल, तर डॉक्टरांना विचारा की एक डोळा जूनच्या आधी आणि दुसरा नंतर केला तर चालेल का, तसंही मधे थोडे दिवस ठेवतात बरेच जण. ते नाही म्हणाले तर पॉलिसीसाठी थांबू नका, काकूंना जिना उतरताना पायरी दिसत नसेल तर ते जास्त महागात पडेल. शुगर आधी ताब्यात आणायला सांगतील, ते सुरू करून द्या.

रविवारी मुलाचा फोन येतच असेल, तेव्हा पॉलिसी समोर ठेवून बसा, काकूंनाही बसवा, फाईल कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहे ते दोघांनाही माहीत असू द्या. आणि सीआयएस आलं की त्याचा फोटो मला पाठवा, नाव आणि पॉलिसी नंबरवर बोट ठेवून, पोर्टचं ठरवायचं असेल तर ३० एप्रिलच्या आधी पाठवा, मी वाचून कळवते. काकूंना नमस्कार सांगा.